एचएक्स स्टॉम्पमधून आवाज येत नाही? सिग्नलचा माग असा काढा

गिटार लावली, ॲम्प सुरू आहे, पडद्यावर ब्लॉकही (एकेका इफेक्टचे चौकोन) दिसतायत, पण आवाज नाही. किंवा आवाज आहे, पण पातळ, पोकळ, नळीतून आल्यासारखा. अशा वेळी हात आपोआप नॉबकडे जातो. व्हॉल्यूम वाढव, ड्राइव्ह वाढव, दुसरा ॲम्प लावून बघ... दहा मिनिटांनी प्रीसेट (साठवून ठेवलेली ब्लॉकची मांडणी) मुळात कसा होता हेही आठवत नाही आणि बिघाड जिथल्या तिथे. म्हणून काहीही फिरवण्याआधी सिग्नल नेमका कुठपर्यंत पोचतोय ते बघा.

इथे उदाहरण लाइन ६ कंपनीच्या एचएक्स स्टॉम्पचं, म्हणजे ॲम्प आणि इफेक्टची नक्कल करणाऱ्या एका गिटार मल्टिइफेक्टचं घेतलंय. २०१८ साली आलेलं हे यंत्र तळहाताएवढं, पण सेंड-रिटर्न (सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायचे जॅक), समांतर पाथ, यूएसबी, स्नॅपशॉट (एकाच प्रीसेटच्या साठवलेल्या वेगवेगळ्या स्थिती) असं घोळ घालायला लागणारं सगळं सामान त्यात आहे. हीलिक्स घराण्यातल्या मोठ्या यंत्रांनाही हेच लागू. बॉस, झूम, न्यूएक्स यांच्या मल्टिइफेक्टमध्ये मेनूंची नावं बदलतात, शोधायची पद्धत बदलत नाही.

सुरू करण्याआधी संगणकावरच्या एचएक्स एडिट ॲपमधून पूर्ण बॅकअप घ्या. मग मनसोक्त मोडतोड करता येते.

पहिली चाचणी: रिकामा प्रीसेट

सिग्नल अडकायच्या जागा चार. यंत्राबाहेर, म्हणजे केबल, जॅक, ॲडॉप्टर, ॲम्प. ग्लोबल सेटिंगमध्ये. प्रीसेटमध्ये. आणि स्नॅपशॉटमध्ये. ग्लोबल सेटिंग प्रीसेट बदलला तरी तसंच राहतं, हे विसरल्यामुळे लोक एकामागून एक प्रीसेट बदलत बसतात.

एक नवा, रिकामा प्रीसेट उघडा. डावीकडे इनपुट, उजवीकडे आऊटपुट, मध्ये काही नाही. गिटारचा कोरा आवाज आला, तर केबल आणि ग्लोबल सेटिंग दोन्ही सुटले (फक्त सेंड-रिटर्नच्या केबल आणि सेटिंग सोडून; ते पुढे येतंय). दोष प्रीसेटमध्ये किंवा स्नॅपशॉटमध्ये आहे. आवाज आला नाही, तर प्रीसेटकडे आत्ता बघूच नका.

रिकाम्या प्रीसेटमध्येही शांतता

टॅप-ट्यूनरचा फूटस्विच दाबून धरा आणि एक तार छेडा. ट्यूनरने सूर दाखवला, म्हणजे गिटार, केबल आणि इनपुट जॅक ठीक आहेत, अर्धा रस्ता मोकळा आहे. ट्यूनर चालू असताना आवाज बंद होणं हा त्याचा स्वभाव आहे, त्याला बिघाड समजू नका. सूर दिसलाच नाही तर केबल बदला, गिटारचा व्हॉल्यूम बघा, ॲक्टिव्ह पिकअप असतील तर बॅटरी बघा. गिटार उजव्या इनपुट जॅकमध्ये तर नाही ना, हेही बघा. एकच केबल असेल तर ती लेफ्ट-मोनोमध्येच जायला हवी.

ट्यूनर दाखवतोय पण आवाज नाही, तर हेडफोन लावा. हेडफोनमध्ये आवाज आला, की दोष आऊटपुट केबलमध्ये किंवा पुढच्या ॲम्प-मिक्सरमध्ये. तिथेही नाही आला, तर ग्लोबल सेटिंगमधलं इन-आऊटचं पान उघडा. एचएक्स स्टॉम्पमध्ये दोन्ही पेज बटणं एकदम दाबली की मेनू येतो. व्हॉल्यूमचा मोठा नॉब नेमकं कशावर चालतो, हेही तिथेच ठरतं. तो फक्त हेडफोनला जोडलेला असेल तर मेन आऊटवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही, आणि उलटही.

आता जॅकमधल्या दोन गमती. वेळ सगळ्यात जास्त याच खातात.

एक: उजव्या आऊटपुटमध्ये अडकलेली अनाथ केबल. फक्त लेफ्ट-मोनोमध्ये केबल असली की यंत्र डावं-उजवं एकत्र करून मोनो देतं. पण उजव्या जॅकमध्ये केबलचं एक टोक असेल, दुसरं टोक जमिनीवर लोळत असेल, तरी यंत्राला वाटतं की स्टिरिओ जोडणी आहे. मग ॲम्पमध्ये फक्त डावी बाजू जाते. पिंगपाँग डिलेची एक आड एक टप्पी गायब होते आणि डिले बिघडला असं वाटतं. केबल उपटा, टप्प्या परत येतात.

दुसरी: हेडफोन जॅकमधून थेट मिक्सरमध्ये. मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट केबलच्या टोकावरचा सिग्नल वजा मधल्या कड्यावरचा सिग्नल असा हिशोब करतो. हेडफोन आऊटमध्ये टोकावर डावी बाजू असते आणि कड्यावर उजवी. तीन संपर्कांची सरळ केबल लावली, की मिक्सरला मिळतं डावं वजा उजवं. गिटारचा मुख्य आवाज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो कटून जातो, आणि मागे उरतं रिव्हर्बचं आणि स्टिरिओ कोरसचं भूत. “लांबून, विहिरीतून वाजवल्यासारखं येतंय” अशी तक्रार आली, की आधी ही केबल बघा. मेन आऊटमधून मोनो केबल काढा, आणि मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करून देणारा डबा) घाला.

ॲडॉप्टरचं थोडक्यात: सोबत येणारा ९ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे. पेडलबोर्डवरच्या सप्लायच्या ५०० मिलिअँपिअरच्या तोंडाला हे यंत्र लावायचं नाही. मध्येच बंद-चालू होत असेल तर रूटिंग तपासण्याआधी ॲडॉप्टर तपासा.

प्रीसेटमध्ये अडकलाय: अर्धे-अर्धे करा

फर्मवेअर ३.० पासून एचएक्स स्टॉम्पमध्ये आठ ब्लॉक बसतात, आधी सहा होते. आठ ब्लॉक एकेक करून तपासत बसायची गरज नाही. सगळे बायपास करा. बायपास ब्लॉक सिग्नल अडवत नाही, तसाच पुढे सोडतो. आवाज परत आला, तर पहिले चार चालू करा. गेला, तर गुन्हेगार त्या चारांत. नाही गेला, तर उरलेल्या चारांत. मग दोन, मग एक. तीन चाचण्यांत ब्लॉक हातात येतो.

सापडणारे नेहमीचे गुन्हेगार असे:

– एफएक्स लूप ब्लॉक चालू, पण सेंड-रिटर्नला काहीच जोडलेलं नाही. सिग्नल बाहेर गेला, परत येणार कुठून? दुसऱ्याचा डाउनलोड केलेला प्रीसेट घेतला की हे हमखास होतं.
– लूपला केबल आहेत, तरी परत काही येत नाही. ग्लोबलमध्ये रिटर्नचा प्रकार ऑक्स इन ठेवलेला असेल. फोनवरचं गाणं लावायला कधीतरी बदललेला असतो.
– व्हॉल्यूम पेडलचा ब्लॉक शून्यावर. एक्स्प्रेशन पेडल घरी राहिलंय आणि प्रीसेट टाच खाली असताना सेव्ह झालाय.
– सेंड ब्लॉकमधलं ड्राय थ्रू पूर्ण खाली. सेंड आणि एफएक्स लूप हे दोन वेगळे ब्लॉक आहेत. सेंडमध्ये पुढे जाणाऱ्या सिग्नलची पातळी वेगळी ठरते.
– ब्लॉक चालू आहे, पण त्यातलं लेव्हल किंवा मिक्स शून्य.

सगळे बायपास करूनही शांतता असेल, तर दोष ब्लॉकमध्ये नसून टोकांना किंवा फाट्यांवर आहे. इनपुट ब्लॉकवर जा. स्रोत यूएसबी ३/४ असेल तर गिटार ऐकू येणारच नाही. रीॲम्प (रेकॉर्ड केलेला कोरा ट्रॅक परत यंत्रातून काढणं) करून झाल्यावर तो परत फिरवायचा राहून जातो. त्याच ब्लॉकमधल्या इनपुट गेटचा थ्रेशोल्ड खूप वर असेल तर जोरात वाजवलं की आवाज, हळू वाजवलं की शांतता. आऊटपुट ब्लॉकवर लेव्हल बघा, आणि सिग्नल मेन सोडून भलतीकडे तर पाठवलेला नाही ना हे बघा. समांतर पाथ असेल तर स्प्लिट आणि मिक्सर ब्लॉकही बघा. या दोघांची चित्रं तिथे कर्सर नेल्याशिवाय नीट दिसत नाहीत, म्हणून ते नजरेतून निसटतात.

प्रीसेट आत्ता नीट, आणि फूटस्विच दाबला की आवाज गायब, तर तो स्नॅपशॉट आहे. ब्लॉकची चालू-बंद स्थिती आणि नेमून दिलेले पॅरामीटर स्नॅपशॉटमध्ये साठतात. ग्लोबलमध्ये स्नॅपशॉट एडिट्स रिकॉलवर असेल तर एका स्नॅपशॉटमधून दुसऱ्यात जाऊन परत आलं तरी तुमचा बदल टिकतो. डिस्कार्डवर असेल तर परत येताना तो उडतो. “मी दुरुस्त केलं होतं, परत बिघडलं” याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आवाज आहे, पण पोकळ: समांतर पाथ

ब्लॉक खालच्या ओळीत सरकवला की पाथ बी तयार होतो. स्प्लिटवर सिग्नल फुटतो, मिक्सरवर परत जुळतो. जुळताना तीन गोष्टी बिघडतात.

पातळी. दोन अगदी सारखे सिग्नल एकाच फेजमध्ये मिळाले, तर पातळी ६ डेसिबलने वाढते. समांतर पाथ केल्यावर “आहा, किती भरदार” वाटतं ते पुष्कळदा एवढंच असतं. मिक्सरवर दोन्ही पाथ समान खाली आणा, मग ऐकून निवाडा करा.

ध्रुवता. मिक्सरमध्ये बी पाथची ध्रुवता उलटवायची सोय आहे. ती चुकून उलटलेली असेल तर खर्ज आधी जातो. तपासायला दोन्ही पाथ रिकामे करा. उलटी असेल तर आवाज जवळपास संपतो. उलट, कधी एखादा बाहेरचा पेडलच ध्रुवता फिरवून देतो, तेव्हा हाच पर्याय वापरून ती सरळ करायची.

उशीर. हा खरा छळवाद. पाथ बी मध्ये एफएक्स लूप घालून बाहेरचा डिजिटल पेडल लावला, की सिग्नल यंत्रातून बाहेर जाताना ॲनालॉग होतो, पेडलमध्ये डिजिटल होतो, परत ॲनालॉग, परत डिजिटल. प्रत्येक वेळी थोडा वेळ जातो. समजा एकूण उशीर १ मिलिसेकंद झाला आणि दोन्ही पाथ सारख्या जोराचे आहेत. मग ५०० हर्ट्झवर सिग्नल कटतो, पुढे १,५००, २,५०० अशा विषम पटींवर. २ मिलिसेकंद झाला तर खड्डे २५०, ७५०, १,२५० वर. गिटारचा गाभा नेमका इथेच असतो, म्हणून आवाज कंगव्यातून ओढल्यासारखा होतो. इक्यू लावून हे भरून निघत नाही. जिथे काही उरलंच नाही तिथे काय वाढवणार?

उपाय सोपा आहे. त्या पेडलचा मिक्स १०० टक्के वेट करा, म्हणजे त्यातून कोरा सिग्नल येणारच नाही आणि कटायला जोडीदार राहणार नाही. आतल्या रिव्हर्ब-डिलेलाही हेच. पाथ ए मध्ये कोरा आवाज असेल तर पाथ बी वरच्या रिव्हर्बचा मिक्स ३० टक्के ठेवायचा नसतो, १०० ठेवून पातळी मिक्सरवर ठरवायची. ड्राइव्ह किंवा फझ असेल तर त्याला समांतर न ठेवता सरळ रांगेत आणा.

स्टिरिओ हरवला असेल तर रांगेत डिलेच्या नंतर कुठे मोनो ब्लॉक बसलाय का ते शोधा. मोनो ब्लॉक दोन्ही बाजू एकत्र करून पुढे देतो. मॉडेल निवडताना मोनो आणि स्टिरिओ असे वेगळे गट असतात. ॲम्प मॉडेल मोनोच असतं, म्हणून स्टिरिओ इफेक्ट त्याच्या नंतर हवेत.

चार केबलची जोडणी

ॲम्पचा प्रीॲम्प (गेन आणि टोन घडवणारा पहिला भाग; त्यानंतरचा पॉवर ॲम्प स्पीकर चालवतो) वापरायचा, ड्राइव्ह त्याच्या आधी आणि डिले त्याच्या नंतर, आणि सगळं एकाच यंत्रातून. त्यासाठी ही जोडणी. चुकायला इथे सर्वांत जास्त वाव आहे.

१. गिटार ते एचएक्स इनपुट लेफ्ट.
२. एचएक्स सेंड ते ॲम्पचा पुढचा इनपुट.
३. ॲम्प सेंड ते एचएक्स रिटर्न लेफ्ट.
४. एचएक्स आऊटपुट लेफ्ट ते ॲम्प रिटर्न.

केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर हे आकडे लिहून टाका. सेंड म्हणजे कुठल्याही डब्यातून बाहेर, रिटर्न म्हणजे आत, एवढं पक्कं धरा. एचएक्स स्टॉम्पचा सेंड एकाच जॅकमध्ये स्टिरिओ आहे. साधी मोनो केबल लावली की डावी बाजू मिळते आणि इथे तेवढीच हवी.

प्रीसेटमध्ये क्रम: ड्राइव्ह, वाह, कंप्रेसर, मग एफएक्स लूप लेफ्ट, मग मॉड्युलेशन, डिले, रिव्हर्ब. ॲम्प मॉडेल, कॅब आणि आयआर (स्पीकरच्या आवाजाची साठवलेली छाप) काढून टाका. खरा स्पीकर समोर असताना कॅबची नक्कल वर चढवली की आवाज गोधडीखालून येतो.

आता ॲम्पचा मास्टर अगदी खाली ठेवून तपासणी.

एफएक्स लूप बायपास करा. सिग्नल केबल १ मधून येऊन ४ मधून थेट पॉवर ॲम्पमध्ये जातो. आवाज कोरा, बारीक, बेचव यायला हवा आणि ॲम्पचा गेन फिरवून काही फरक पडायला नको. तसं झालं, तर १ आणि ४ बरोबर.

लूप चालू करा. आता प्रीॲम्पचा आवाज यायला हवा आणि गेन चालायला हवा. शांतता झाली, तर गिटार काढून एचएक्सच्या रिटर्न लेफ्टमध्ये थेट लावा. ऐकू आली तर रिटर्नची बाजू ठीक. मग केबल ३ परत लावा आणि गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये लावा. ऐकू आली, तर ॲम्पचा प्रीॲम्प आणि केबल ३ निर्दोष, म्हणजे दोष एचएक्सच्या सेंडमध्ये किंवा केबल २ मध्ये. नाही आली, तर केबल ३ किंवा ॲम्पचा सेंड.

आणि चित्र उलटं दिसलं, म्हणजे लूप बायपास असताना शांतता आणि चालू केल्यावर तो बेचव कोरा आवाज, डिले-रिव्हर्ब काहीच नाही, तर केबल २ आणि ४ ची अदलाबदल झालीय. गिटार सेंडमधून थेट पॉवर ॲम्पला जातेय आणि ॲम्पचा प्रीॲम्प एचएक्सच्या आऊटपुटशी स्वतःच्याच शेपटीला चावत बसलाय. या अवस्थेत हेडफोन कानाला लावू नका. त्या बंद वर्तुळात किंकाळी उठू शकते.

पातळीबद्दल. ग्लोबलमध्ये सेंड-रिटर्नच्या जोडीला इन्स्ट्रुमेंट किंवा लाइन असं एकच सेटिंग आहे. इन्स्ट्रुमेंटवर सुरुवात करा, कारण सेंडच्या पुढे ॲम्पचा गिटार इनपुट आहे. लाइनवर ठेवलं तर क्लीन चॅनेलही फाटतो. ॲम्पचा लूप मात्र बरेचदा लाइन पातळीचा असतो. व्यावसायिक लाइन म्हणजे अधिक ४ डीबीयू, सुमारे १.२३ व्होल्ट, घरगुती लाइन म्हणजे उणे १० डीबीव्ही, सुमारे ०.३२ व्होल्ट. दोघांत जवळपास १२ डेसिबलचा फरक. ॲम्पचा सेंड यंत्राला फार जड जात असेल आणि जोरात वाजवताना कडा फाटत असतील, तर ॲम्पवरचा सेंड लेव्हलचा नॉब खाली करा. नॉब नसेल तर ग्लोबल लाइनवर न्या आणि लूप ब्लॉकमधला सेंड तेवढा कमी करा.

ॲम्पच्या लूपला मिक्सचा नॉब असेल तर तो समांतर लूप आहे. १०० टक्क्यांवर ठेवा. नाहीतर वरचा कंगवा इथेही निघेल.

यूएसबीवर दुहेरी आवाज

रेकॉर्ड करताना गिटार दोनदा ऐकू येते, फ्लँजर लावल्यासारखी. एकदा यंत्रातून थेट, एकदा संगणकातून फिरून. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला ५.३ मिलिसेकंद; जाऊन-येऊन दहाच्या वर. ट्रॅकवरचं इनपुट मॉनिटरिंग बंद करा आणि यंत्रातूनच ऐका. प्लगइनमधूनच ऐकायचं असेल तर उलट करा, पण दोन्ही एकदम नाही.

विंडोजवर लाइन ६ चा असिओ (कमी उशिराचा) ड्रायव्हरच निवडा, आणि सॅम्पल रेट दोन्हीकडे सारखा आहे ना बघा. रीॲम्पसाठी कोरा ट्रॅक यूएसबी ३/४ कडे पाठवा, इनपुट ब्लॉक यूएसबी ३/४ करा, आणि प्रीसेट वेगळ्या नावाने सेव्ह करा. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी मुका प्रीसेट समोर येणार नाही.

गुणगुण आणि खरखर

चार केबलच्या जोडणीत ॲम्प आणि यंत्र यांच्यात ग्राउंडचे तीन-तीन रस्ते तयार होतात. ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण आली, तर केबल २, ३, ४ एकेक काढून बघा. जी काढल्यावर गुणगुण जाते तिच्यात ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण आणि बॅटरीवर असताना शांत, तर वाट यूएसबीची आहे. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणे किंवा तिला टेप लावणे हा उपाय नाही. मंडपात जनरेटरवर वाजवताना तर अजिबात नाही. ट्यूब ॲम्पमधला दोष मग तारांतून तुमच्या बोटांपर्यंत येतो.

कधी येतो, कधी जातो, केबल हलवली की खरखरतो असा आवाज असेल आणि रूटिंग सगळं बरोबर निघालं, तर ॲम्पच्या रिटर्न जॅकवर संशय घ्या. त्यात एक छोटी पट्टी असते, जी जॅक रिकामा असताना प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प आतल्या आत जोडते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ती काळी पडते. खात्री करायला सगळं काढून गिटार थेट ॲम्पमध्ये लावा आणि ॲम्पच्या सेंड व रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल घाला. आवाज स्थिर झाला तर ती पट्टीच खराब. ॲम्प बंद करून प्लगवर थोडा काँटॅक्ट क्लीनर मारा आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. तेवढ्याने भागलं नाही तर जॅक बदलून घ्या; तोवर पॅच केबल तशीच ठेवून वाजवता येतं.